असून नसल्यासारखं लोखंड

नकाशात अरबी समुद्राभोवती एकदा बोट फिरवून बघा. डावीकडे सोमालियाचा रखरखाट, मग येमेन, ओमान, त्यांच्यामागे अरबस्तानचं वाळवंट, वर इराण-बलुचिस्तानचा मकरान किनारा, उजव्या अंगाला सिंध आणि थर. गुजरातच्या खाली कोकण-केरळचा हिरवा काठ आहे म्हणून, नाहीतर हा समुद्र तिन्ही बाजूंनी धुळीच्या तोंडाशीच बसलेला आहे. आणि धूळ म्हटली की लोखंड आलंच. वाळवंटी धुळीत वजनाने साधारण साडेतीन टक्के लोखंड असतं. या समुद्राला दुसरं काहीही कमी पडेल, पण लोखंड कमी पडेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

पण तसं लिहिलं गेलं आहे. २०१० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी, अमेरिकेतले जेम्स मॉफेट आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की नैऋत्य मोसमी वारे संपत येतात त्या सुमाराला अरबी समुद्राच्या पश्चिम भागात, ओमानच्या बाजूला, पाण्यात नायट्रेट शिल्लक असतं, ऊन असतं, आणि तरीही सूक्ष्म वनस्पती हव्या तितक्या वाढत नाहीत. अडतं ते लोखंडावर. तळातून वर येणारं पाणी बाकीचा शिधा भरपूर आणतं, लोखंड मात्र त्या मानाने फारच थोडं. उन्हाळी धूळ असते, पण त्या दिवसांत पाण्यालगत नैऋत्येचा जोरदार ओला वारा वाहतो आणि अरबस्तानातून येणारी बरीचशी धूळ त्याच्या डोक्यावरून जाते. जी खाली पडते तिच्यातलं लोखंड पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. हे शेवटचं वाक्य मला बरेच दिवस झोंबत राहिलं. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. विरघळणं आणि न विरघळणं हाच माझा धंदा.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबईतल्या लोकांना आठवत असेल. आदल्या दिवशी कराचीकडून उठलेली धूळ सौराष्ट्रावरून समुद्रमार्गे आमच्याकडे आली. सकाळी समोरची इमारत दुधी काचेतून बघावी तशी दिसत होती, हवेत गारठा होता, आणि खाली उभ्या असलेल्या काळ्या गाड्यांवर पांढुरकी साय धरली होती. व्हॉट्सॲपवर जो तो आपल्या बॉनेटचा फोटो टाकत होता. आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर, कुंड्यांच्या काठावर, बाहेर वाळत घातलेल्या चादरीवर तीच पूड. बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ, वाळूचा खरखरीतपणा अजिबात नाही. जाड कण केव्हाच वाटेत पडून गेलेले असतात. इतक्या लांब येतं ते मायक्रॉनच्या मापातलं, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक.

चादर झटकण्याआधी मी एका कागदावर पूड गोळा केली आणि तिची पुडी बांधली. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ओमायक्रॉनमुळे बंद असलेली शाळा-कॉलेजं मुंबईत पुन्हा उघडली. प्रॅक्टिकलला पाच-सहाच मुलं आली होती. मास्क लावून, एकमेकांपासून लांब उभी. म्हटलं, आज सॉल्ट ॲनालिसिस नको, हे बघू या.

चिमूटभर पूड परीक्षानळीत, वर डिस्टिल्ड वॉटर, चांगलं हलवलं, गाळलं, आणि गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब. लोखंड असेल तर रक्तासारखा लाल रंग येतो, हे बारावीच्या मुलाला झोपेतही सांगता येतं. पाणी ढिम्म. जसंच्या तसं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यात लोखंड नाहीच." मग दुसऱ्या नळीत पूड घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला लावलं. पहिल्या थेंबांना नुसते बुडबुडे फसफसले. धुळीत चुनखडीचा अंश होता, तो आम्ल खात होता. चुनखडी संपेपर्यंत रंगाचं नाव नाही. आणखी आम्ल, बर्नरवर जरा ऊब, गाळणं, आणि मग थायोसायनेट. आधी गुलाबी झाक, मग स्वच्छ लाल. तीच पूड, तेच लोखंड. (गॅलरीतली पूड म्हणजे निव्वळ कराचीची नव्हे, तीत आमच्या रस्त्याचाही वाटा होता, हे मुलांना सांगितलं. पण गाडीच्या धुरातून फसफसणारी चुनखडी येत नाही.)

या दोन परीक्षानळ्यांत जवळजवळ सगळी गोष्ट आली. उरलं ते हे, की समुद्र कुठल्या नळीसारखा वागतो.

समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, पीएच ८.१ च्या आसपास. लोखंडाच्या दृष्टीने ते वाईट. प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या द्रावणात अमोनियाचे थेंब टाकले की तांबूस-तपकिरी, जिलेटिनसारखा साका खाली बसतो. हा साका मुलांना फार आवडतो, कारण तो चुकत नाही. समुद्रात प्राणवायूही भरपूर आणि अल्कताही आहे, त्यामुळे तिथे लोखंडाचं हेच होतं. विरघळलेलं लोखंड फार वेळ विरघळलेलं राहत नाही. गंजाच्या कुळातलं काहीतरी होऊन, दुसऱ्या कणांना चिकटून, खाली जातं. पृथ्वीच्या कवचात लोखंड चौथ्या क्रमांकाचं मूलद्रव्य, पण खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर विरघळलेलं लोखंड अनेक ठिकाणी लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम (ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश) इतकंच सापडतं. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीभर समुद्रात पाच-सहा मायक्रोग्रॅम. आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूला ते दिसणारही नाही.

हे असं नेहमीच नव्हतं. अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि फेरस लोखंड (लोखंडाचं सहज विरघळणारं रूप) मीठ विरघळावं तसं पाण्यात विरघळलेलं होतं. जीवसृष्टीने आपली सगळी यंत्रणा त्या सुबत्तेत बांधली. प्रकाशसंश्लेषणात लोखंड, श्वसनात लोखंड, हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या विकरात तर लोखंडाची चैनच. मग याच जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली आणि आपल्याच ताटातलं लोखंड गंजवून तळाला घातलं. त्या गाळाचे पट्टेदार खडक झाले. गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या डोंगरांतलं खनिज अशाच पट्टेदार लोहखडकांतून आलेलं आहे. २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी मांडवीतून लाल मातीने भरलेल्या बार्जेसची रांग मुरगावकडे जाताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी एका जुन्या समुद्राने टाकून दिलेलं लोखंड आजच्या समुद्राच्या अंगावरून जाताना पाहिलं आहे. समोरच दोना पावलाच्या टेकाडावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिथल्या लोकांनी अर्धं आयुष्य नॅनोग्रॅम मोजण्यात घालवायचं आणि खिडकीतून लाखो टन जाताना बघायचं!

मग नद्या का पुरवत नाहीत, असं कुणीही विचारेल. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात जांभ्याच्या रंगाने लालभडक वाहतात. पण गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की खाडीतच लोखंडाच्या गुठळ्या होतात आणि विरघळलेल्यातला बहुतेक भाग तिथेच गाळात बसतो. किनाऱ्याची सोय होते, भरसमुद्राची नाही. तिथवर पोचायचं तर हवेतूनच.

हवेतून जाणारा माल थोडाथोडका नाही. जगातल्या समुद्रांवर वर्षाला ४५ कोटी टनांच्या घरात धूळ पडते असा अंदाज आहे. जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्ड बेटांपाशी 'बीगल' जहाजावर पडलेली तांबूस पूड डार्विनने गोळा करून ठेवली होती आणि पुढे १८४६ मध्ये त्यावर लेखही लिहिला. (मी चादरीवरची पूड पुडीत बांधली तेव्हा घरच्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यावर हा दाखला उपयोगी पडला.) पण किती धूळ पडली हा सोपा प्रश्न. तिच्यातलं किती लोखंड पाण्यात उतरलं, हा खरा. आणि याची उत्तरं अक्षरशः एक टक्क्याच्या कितव्यातरी भागापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरलेली आहेत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, छपाईची चूक असणार. कुठल्याही पदार्थाची विद्राव्यता अशी वाऱ्यावर सोडलेली नसते.

आपल्याच दोन समुद्रांवरचे आकडे बघा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवास, सरीन आणि कुमार यांनी जहाजावर फिल्टर लावून दोन्हीकडची हवा गाळली आणि त्या फिल्टरवरचं किती लोखंड पाण्यात उतरतं ते मोजलं. २०१२ मध्ये ते छापून आलं. अरबी समुद्रावरच्या धुळीतून उतरलं ०.०२ ते ०.४ टक्के. बंगालच्या उपसागरावर १.४ ते २४ टक्के. एकाच देशाच्या दोन बाजू, आणि फरक दहापट-शंभरपट! ज्या समुद्रावर वाळवंटी धूळ जास्त, तिथलं लोखंड दगडासारखं. जिथे धूळ कमी, तिथलं लोखंड पाण्यात जायला तयार.

उत्तर हिवाळ्यातल्या वाऱ्यात आहे. त्या दिवसांत उपसागरावर ईशान्येकडून गंगेच्या मैदानावरची हवा येते. पराळीचा धूर, चुलींचा धूर, कोळशाच्या वीजकेंद्रांचा सल्फर डायऑक्साइड, वाहनांचे नायट्रोजनचे ऑक्साइड, सगळं त्यात. वाटेत त्याचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होतं आणि ते धुळीच्या कणावर पाण्याच्या पातळ थरात बसतं. तो थर ढगाच्या थेंबात असताना सौम्य असतो. ढग विरला की थेंब आटतो, पाणी जातं, आम्ल राहतं, आणि कणाभोवती पीएच १-२ पर्यंत उतरू शकतो. परत ढग, परत थेंब. पाऊस होऊन खाली पडण्याआधी कणाच्या नशिबी अशा अनेक खेपा येतात. त्यात धुरातून आलेलं ऑक्झॅलेट हे सेंद्रिय द्रव्य लोखंडाला धरून खेचतं, आणि ऊन गंजाच्या रूपातल्या फेरिकचं विरघळणारं फेरस करून त्याला सैल करतं. चिकणमातीच्या खनिजातलं लोखंड लवकर सुटतं, हेमटाइट या लोहखनिजातलं हट्टाने बसून राहतं. शिवाय जळणातून निघालेलं लोखंड वेगळंच. तेल जाळल्यावर उरणाऱ्या राखेत ते सल्फेटच्या रूपात असतं आणि त्यातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त सरळ पाण्यात उतरतं.

माझ्या आजीची लोखंडी कढई होती. तिच्यात कोरडी भाजी केली तर काही फरक पडायचा नाही, पण चिंचेची आमटी तासभर राहिली की काळीशार व्हायची, आणि जिभेला लोखंड लागायचं. धुळीच्या कणाचं तेच आहे. तो मूळचा कुठला यापेक्षा वाटेत त्याला चिंच किती भेटली, यावर सगळं. अरबी समुद्रावरच्या धुळीला एक तर आंबट हवा कमी भेटते, आणि जी भेटते ती धुळीतली चुनखडीच पिऊन टाकते. माझ्या नळीतले ते पहिले बुडबुडे.

इथे मला थोडं अवघड होतं. आपण पर्यावरणाच्या गोष्टी वाचतो त्या साच्यात निसर्ग देतो आणि माणूस बिघडवतो. इथे निसर्गाने दिलेली स्वच्छ धूळ समुद्राला पचत नाही आणि माणसाने घाण केलेली पचते. हे ऐकून आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने "म्हणजे प्रदूषण चांगलं!" अशी टाळी मागितली होती. टाळी दिली नाही.

आता एक हिशोब मांडते, फळ्यावर मांडावा तसा. समुद्राच्या एका चौरस मीटरवर १ ग्रॅम धूळ पडली असं धरू. त्यात ३५ मिलिग्रॅम लोखंड. वरचं ढवळलेलं पाणी ५० मीटर खोल धरलं, तर त्या चौरस मीटरखाली ५०,००० लिटर पाणी आलं. आता अरबी समुद्राचा वरचा आकडा, ०.४ टक्के, लावला तर विरघळलं ०.१४ मिलिग्रॅम. लिटरमागे जेमतेम ३ नॅनोग्रॅम. आधी ५.६ होतं असं समजलं तर निम्म्याने भर पडली. तशी वाईट नाही! हाच आकडा १० टक्के केला तर लिटरमागे ७० नॅनोग्रॅम येतात, म्हणजे आधीच्या बारापट. वाचून वाटेल, समुद्राची चंगळ झाली.

होत नाही. कारण पाण्यात लोखंड विरघळलेलं ठेवायला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. समुद्रातलं जे काही विरघळलेलं लोखंड आपण मोजतो त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त सेंद्रिय रेणूंना बांधलेलं असतं. काही जिवाणू मुद्दाम असे रेणू सोडतात, लोखंडाला पकडून आणणारे. काही नुसताच मेलेल्या-कुजलेल्या जीवांचा अंश असतो. या रेणूंची ताकद मर्यादित आहे, खुल्या समुद्रात ढोबळमानाने लिटरमागे पन्नास-साठ नॅनोग्रॅम लोखंडापुरती, कुठे कमी, कुठे जास्त. आमचे ७० आले की वरचं लोखंड पुन्हा साका होऊन बसणार. धूळ किती आंबली आणि समुद्राकडे धरायला हात किती, या दोन्हींचं गणित जुळावं लागतं.

कोर्सिका बेटाच्या किनाऱ्याजवळ, भूमध्य समुद्रात, फ्रेंच संशोधकांनी हे प्रत्यक्षच करून पाहिलं. २००८ आणि २०१० साली त्यांनी पाण्यात प्लास्टिकच्या अवाढव्य पिशव्या सोडल्या, आत समुद्र जसाच्या तसा, आणि वरून चौरस मीटरला १० ग्रॅम या प्रमाणात सहारासारखी धूळ शिंपडली. अपेक्षा काय, तर विरघळलेलं लोखंड वाढेल. पहिल्या शिंपडण्यानंतर ते कमी झालं! खाली जाणाऱ्या धुळीच्या कणांनी पाण्यात आधीपासून असलेलं लोखंडही अंगाला चिकटवून नेलं. मात्र २०१० मध्ये त्याच पिशव्यांत काही दिवसांनी दुसऱ्यांदा धूळ टाकली तेव्हा लोखंड वाढलं. मधल्या काळात पहिल्या धुळीवर पोसलेल्या जीवांनी धरून ठेवणारे रेणू तयार केले असावेत, असा त्यांचा कयास. आणि या सगळ्यात मँगनीज आणि ॲल्युमिनियम पहिल्या वेळेपासून सरळ वाढत होते. एकाच चिमटीतले तीन धातू, प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

मँगनीज मला यातला सगळ्यात सालस वाटतो. धुळीतून सहज सुटतो, ऊन त्याला विरघळलेल्या रूपात ठेवायला मदतच करतं, म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावर तो खालच्यापेक्षा जास्त सापडतो. ॲल्युमिनियमचा जीवांना फारसा उपयोग नाही, म्हणून तो साक्षीदार म्हणून उपयोगी. कुणी खात नाही, त्यामुळे पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम मोजून गेल्या काही काळात तिथे किती धूळ पडली याचा अंदाज बांधतात. शिसं हे आपलं पाप. पेट्रोलमधून हवेत, हवेतून समुद्रात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातलं शेवटचं २०२१ मध्ये अल्जेरियात.

तांब्याची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण ती त्या स्टाफरूममधल्या टाळीचं उत्तर आहे. आंबट हवा लोखंड सोडवते तशी तांबंही सोडवते, आणि जळणातून येणाऱ्या कणांत तांबं भरपूर असतं. लाल समुद्राच्या पाण्यावर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवेतल्या कणांचे वेगवेगळे नमुने तिथल्या सूक्ष्म जीवांना घातले. काहींनी वाढ झाली. काहींनी सिनेकोकोकस नावाचे इवलेसे जीव मेले, आणि संशोधकांनी बोट दाखवलं ते तांब्याकडे. म्हणजे धुराने वाढलेल्या ताटात काय काय आहे हे न बघता हात जोडायचे नसतात.

या जीवांतला माझा लाडका एकच, ट्रायकोडेस्मियम. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यापासून मंगळूरपर्यंत समुद्रावर कधीकधी तपकिरी-पिवळसर पट्टे दिसतात, लाकडाचा भुसा सांडल्यासारखे. ते मरायला लागले की वास सुटतो आणि पर्यटक सांडपाण्याची तक्रार करतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांच्यावर १९७० च्या दशकापासून लिहिलेलं आहे. हा जीव हवेतला नायट्रोजन पकडतो, म्हणजे आपल्याकडे शेतात डाळी करतात ते काम समुद्रात करतो, आणि त्यासाठी त्याला लोखंड फार लागतं. त्याचे धागे एकत्र येऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा गोंडा तयार होतो. लाल समुद्राच्या उत्तर टोकाच्या, इलातच्या आखातातले हे गोंडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून २०११ साली इस्रायली संशोधकांनी पाहिलं की वरून धुळीचे कण पडले तर गोंडा ते कडेच्या धाग्यांवर पकडतो आणि हळूहळू सरकवत मध्यभागी नेतो. तिथे, गाभ्यात, स्वतःच्या आणि सोबतच्या जिवाणूंच्या स्रावात ते कण ठेवून लोखंड सोडवून घेतो. नुसत्या पाण्यात सुटतं त्याहून पुष्कळ वेगाने. ना मेंदू, ना हात, आणि धूळ निवडून आत ओढतो! जी गोष्ट माझ्या बारावीच्या मुलांनी आम्ल आणि बर्नर घेऊन केली, ती हा जीव कोमट खाऱ्या पाण्यात, पीएच ८ ला, बिनबोभाट करतो. सगळे टक्के, सगळी विद्राव्यता आपण शुद्ध पाण्यात किंवा गाळलेल्या समुद्रजलात मोजतो, आणि इथे तर खाणाराच विरघळवतो आहे. ०.४ टक्के हा आकडा त्याच्या लेखी काय आहे, कुणास ठाऊक.

लोखंडाची ही उपासमार ज्याने जगाला पटवली तो माणूस जॉन मार्टिन. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग प्रयोगशाळेचा. त्याच्याआधीचे समुद्रातल्या लोखंडाचे जवळजवळ सगळे आकडे बाद होते, कारण मोजणारं जहाज लोखंडाचं, दोर लोखंडाचा, आणि हवेत गंजाची धूळ. मार्टिनच्या गटाने प्लास्टिक, टेफ्लॉन आणि धुतलेल्या हातमोज्यांच्या जोरावर खरा आकडा काढला आणि तो आधीच्यांपेक्षा फारच लहान निघाला. मग १९८८ मध्ये वुड्स होल या अमेरिकेतल्या समुद्रविज्ञान केंद्रात एका भाषणात तो म्हणाला की मला अर्धा टँकर लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. थट्टेत म्हणाला, पण ते वाक्य त्याला चिकटलं. समुद्रात प्रत्यक्ष लोखंड टाकण्याचा पहिला प्रयोग गॅलापागोसच्या दक्षिणेला ऑक्टोबर १९९३ मध्ये झाला. तो त्याच वर्षी जूनमध्ये वारला होता.

पुढे टँकरवाल्यांची हौस वाढली. समुद्राला लोखंड घालायचं, शेवाळ वाढवायचं, त्याने कार्बन घेऊन तळाला जायचं, आणि आपण गाड्या उडवायला मोकळे. यात आपलाही एक अध्याय आहे. २००९ च्या जानेवारीत केपटाउनहून निघालेल्या 'पोलरश्टर्न' या जर्मन जहाजावर भारत आणि जर्मनीचे शास्त्रज्ञ होते, प्रमुख दोघे व्हिक्टर स्मेटाचेक आणि आपले नक्वी. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. वाटेतच पर्यावरणवाद्यांनी गदारोळ केला, जर्मन मंत्रालयाने थांबायला सांगितलं, मग परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात, ३०० चौरस किलोमीटरच्या तुकड्यावर, दोन हप्त्यांत आयर्न सल्फेट सोडलं. शेवाळ वाढलं, पण थोडंच, आणि ते कोळंबीच्या जातकुळीतल्या बारक्या जीवांनी फस्त केलं. ज्या डायटम्सनी कवचाच्या वजनाने खाली जायचं, ते वाढलेच नाहीत, कारण त्यांना कवचासाठी लागणारी सिलिका तिथल्या पाण्यात संपलेली होती. कार्बन फारसा खाली गेला नाही. मला तर हा प्रयोग फसलेला वाटत नाही. तिथे लोखंड आयतं विरघळवून, कुणी मागेल तेवढं दिलं होतं, आणि तरी समुद्राने दुसरी अट पुढे केली. असा स्पष्ट नकार पैसे मोजून मिळवावा इतका मोलाचा असतो.

सध्या मात्र मला वेगळंच कुतूहल आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं. चीनने सल्फर डायऑक्साइड झपाट्याने उतरवला. आपल्याकडेही आज ना उद्या उत्तरेतली हिवाळी हवा सुधारावी लागेल, कारण तिथे माणसं खोकून मरतायत. ती सुधारलीच पाहिजे, समुद्राचा शिधा हे धुराला माफी देण्याचं कारण होऊ शकत नाही. पण तेव्हा उपसागरावरच्या धुळीला चिंच कमी भेटेल, आणि २४ टक्क्यांचा आकडा खाली येईल. किती, आणि त्याने तिथल्या मासळीपर्यंत काही पोचेल का, हे कागदावर मॉडेल चालवून सांगता येतं, पण माझा विश्वास फिल्टरवर. कुणीतरी पुन्हा हिवाळ्यात जहाज घेऊन जायचं, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पंप बांधायचा, आणि वारा समोरून येत असेल तेवढाच वेळ तो चालू ठेवायचा. मागून यायला लागला की ताबडतोब बंद, नाहीतर जहाजाच्या स्वतःच्या धुराड्यातलं लोखंड फिल्टरवर बसतं, आणि ते तर मेलं लगेच विरघळतं.